पोरगं एस्कोबारचा फोटो लावून फिरतंय, काय करू?

“दिवसरात त्या ड्रग्जवाल्यांच्या मालिका बघतंय ओ मॅडम. उद्या त्याच वाटेला गेलं तर?” मी समुपदेशक, सोलापुरातल्या आईबापांचा हा प्रश्न वरचेवर ऐकते. २०२३मध्ये चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन या ड्रगचा कारखाना पकडला गेला, तेव्हापासून तर फारच.

त्यातलाच एक अकरावीतला मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदललेत). डीपीवर पाब्लो एस्कोबार, कोलंबियातला कुख्यात ड्रग्जमाफिया. वडील कारखान्यांतला टॉवेलचा माल टेम्पोनं पोचवतात. त्यांनी रागानं मोबाइल आपटला, तर हा मित्राच्या मोबाइलवर बघू लागला.

“त्याचं काय आवडतं?” मी विचारलं. गाड्या, पैसा म्हणेल असं वाटलं होतं.

“त्याला कुणी उलटून बोलत नाही.”

“आणि तुमच्याकडं कुणाला बोलतात?”

बराच वेळ तो बुटाची लेस ओढत बसला. मग निघालं. माल उशिरा पोचला म्हणून एका व्यापाऱ्यानं त्याच्यादेखत वडिलांना वाट्टेल ते सुनावलं होतं. “पप्पा नुसतं ‘चुकलं मालक’ म्हणले.”

मी अ‍ॅडलरला मानणारी; माणसाच्या न्यूनगंडावर भर देणारा हा मानसशास्त्रज्ञ. पोरांना बंदुकीची ओढ कमी असते, लहान ठरण्याची चीड जास्त, हे इतक्या वर्षांत पुनःपुन्हा पाहिलंय. त्यामुळे ‘गुन्हेगार वाईट असतो’ वगैरे सांगत बसले नाही. पुढं कधीतरी विचारलं, “त्या मालिकेत तुझे पप्पा असते, तर कोण असते?”

तो हसला. मग हसू थांबलं. “टेम्पोवाला. नाक्यावर गोळी खाणारा. त्याला नावपण नसतंय.”

हा प्रश्न मला सुचला याचं समाधान आजही आहे. मग मी त्याला २७ नोव्हेंबर १९८९चं विमान सांगितलं. एस्कोबारच्या टोळीनं बॉम्ब ठेवलेलं. अध्यक्षपदाच्या ज्या उमेदवाराला मारायचं होतं तो त्यात बसलाच नव्हता; आतले १०७ जण गेले. तो म्हणाला, “त्यात कुणाचे तरी पप्पा असतील की.”

वडिलांना एकच काम दिलं: सुट्टीच्या दिवशी पोराला टेम्पोत शेजारी बसवा. अक्कलकोट रोडवर त्यानं विचारलंच, उलट का बोलला नाहीत? “भाडं अडकलंय त्याच्याकडं. भांडून तुझी फी कुठनं भरू?” आता भाड्याची वही पोरगं लिहितं. मालिका अजून बघतं, बघू दे.

तेव्हा पालकांनो, मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसून एखादा भाग बघा. हा मेल्यावर याच्या घरी काय झालं असेल, असं मध्येच विचारा. उत्तराची घाई नको. कायद्याचा धाकच घालायचा तर नेमका घाला: १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात नुसता माल वाहून नेणाराही अडकतो, आणि माल व्यावसायिक प्रमाणात, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या मोठ्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर किमान १० वर्षं तुरुंग. मालिकेत हे दाखवायला कुणाला वेळ नसतो. आणि घरात तुमचा पाणउतारा झाला असेल, तर पोरापासून लपवू नका. त्यानं तो पाहिलेला असतो, फक्त तुमची बाजू ऐकलेली नसते.

मालिकेपेक्षा लक्ष दुसरीकडं ठेवा. रात्र-रात्र जागरण, एकदम उतरलेलं वजन, घरातून जाणारे किंवा हिशेब न लागणारे पैसे, नावं न सांगता येणारे नवे मित्र. हे एकत्र दिसलं तर समुपदेशनावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो.