हार्ट फेल्युअर आणि घरून होणारी देखरेख : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या वडिलांना दोन वर्षांपासून हार्ट फेल्युअर आहे. या वेळी रुग्णालयातून सोडताना त्यांना डिजिटल वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र दिले असून रोजचे आकडे मोबाइलवरून पाठवायला सांगितले आहे. आजार हृदयाचा असताना वजनावर एवढा भर कशासाठी?

उत्तर : हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाचे पंपिंग कमी पडते, त्यामुळे मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही आणि शरीरात पाणीच कमी पडले आहे अशा समजुतीने ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. हे साचणारे पाणी सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. पाय सुजलेले घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत काही लिटर पाणी अंगात मुरलेले असू शकते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्यामुळे दोन-तीन दिवसांत वाढलेले दोन किलो बहुधा पाण्याचेच असतात. म्हणून तीन दिवसांत २ किलोंपेक्षा जास्त वाढ झाल्यास उपचार करणाऱ्यांना लगेच कळवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा सांगितली असेल तर अर्थातच तीच पाळावी.

वजन सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर, काही खाण्यापिण्याआधी आणि रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत करावे. काटा कडक फरशीवर ठेवावा. सतरंजीवर ठेवलेला काटा हमखास फसवतो. सूज पूर्ण उतरल्यानंतरचे वजन, ज्याला आम्ही ‘कोरडे वजन’ म्हणतो, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण रोजच्या आकड्याची तुलना त्याच्याशी करायची असते.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगायला हवी. जुन्या आजारात भूक मंदावते, अंगावरचे मांस झडते आणि त्याच वेळी पाणी साचत असेल तर काट्यावरचा आकडा महिनाभर जागचा हलत नाही. त्यामुळे मी रुग्णाला वजनाइतक्याच आवर्जून विचारतो, की काल रात्री झोपताना धाप लागते म्हणून उशाला एक उशी जास्त घ्यावी लागली का आणि सुजेमुळे चपलेचा पट्टा एक भोक सैल करावा लागला का.

प्रश्न : असे आकडे पाठवल्याने खरोखर फायदा होतो, याला पुरावा आहे का? ओळखीच्या एका डॉक्टरांच्या मते हा निव्वळ उपकरणे खपवण्याचा प्रकार आहे.

उत्तर : त्यांची शंका निराधार नाही. अमेरिकेत नुकतेच रुग्णालयातून घरी गेलेल्या १,६५३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्या रुग्णांनी स्वयंचलित फोनयंत्रणेला रोज आपले वजन आणि लक्षणे सांगायची होती. सहा महिन्यांनंतर पुन्हा दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत काहीही फरक आढळला नाही. ती यंत्रणा दिलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के रुग्णांनी तर ती एकदाही वापरली नव्हती. सारखे यंत्राच्या आवाजाशी बोलायचा कंटाळा येतो, हे समजण्यासारखे आहे.

याउलट जर्मनीत १,५७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीआयएम-एचएफ२ या चाचणीत वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजनचे प्रमाण रोज एका केंद्राकडे जात असे. तेथे डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास हजर असत, धोक्याच्या रुग्णांची नोंद आधी पाहत आणि गरज पडल्यास औषधांचा डोस बदलण्याची व्यवस्था करत. हृदयविकारामुळे अचानक रुग्णालयात जाण्यात किंवा कोणत्याही कारणाच्या मृत्यूमुळे गमावलेले दिवस नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात वर्षाला सरासरी २४.२ होते, तर देखरेखीखालच्या गटात १७.८. कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही शंभर रुग्णांमागे वर्षाला ११.३ च्या तुलनेत ७.९ इतके कमी होते. मात्र या चाचणीत आदल्या वर्षभरात हार्ट फेल्युअरमुळे दाखल झालेले रुग्णच घेतले होते आणि तीव्र नैराश्य असलेल्यांना वगळले होते. ज्यांची प्रकृती दीर्घकाळ स्थिर आहे त्यांना तेवढाच लाभ होईल असे त्यावरून म्हणता येत नाही.

माझ्या मते या दोन निकालांतील अंतर पाठवलेल्या आकड्यांचे पुढे काय होते यातून आले आहे. सकाळी सात वाजता पाठवलेले वजन दुपारपर्यंत कोणी पाहिले आणि साचलेले पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीचा डोस त्याच दिवशी वाढवला, तर रुग्णालयाची फेरी टळू शकते. तेच वजन सोमवारपर्यंत संगणकात पडून राहिले, तर ते पाठवले काय नि न पाठवले काय! तेव्हा अशा योजनेत सहभागी होण्यापूर्वी आकडे कोण पाहतो, सुट्टीच्या दिवशी कोण पाहतो आणि पाहणाऱ्याला डोस बदलण्याचा अधिकार आहे का, हे तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत.

प्रश्न : फुफ्फुसाच्या धमनीत बसवण्याच्या सेन्सरविषयी वाचले. माझ्या पत्नीला वर्षात तीनदा दाखल करावे लागले आहे. तिला त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : वर्षात तीनदा दाखल झालेल्या रुग्णासाठी हा विचार योग्य आहे. वजन वाढण्याच्या पुष्कळ आधी फुफ्फुसाच्या धमनीतील दाब चढू लागतो आणि हा सेन्सर तोच दाब मोजतो. तो जांघेतील शिरेतून कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, बसवतात. त्यात बॅटरी नसते. रुग्णाने रोज अँटेना असलेल्या खास उशीवर काही मिनिटे पडून राहिले की दाबाची नोंद डॉक्टरांकडे जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५५० रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मधील हजार रुग्णांच्या चाचणीत मुख्य निकषावर फायदा सिद्ध झाला नाही, मात्र तिच्या मधोमध कोविडची साथ आल्याने निकालावर परिणाम झाला असू शकतो. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील ३४८ रुग्णांत जीवनमान सुधारल्याचे आणि दाखल होणे कमी झाल्याचे दिसले.

सेन्सरआधी पत्नीच्या सध्याच्या औषधांचा एकदा नीट आढावा घेऊन घ्यावा. आवश्यक औषधे सुरूच नसतील किंवा अपुऱ्या डोसमध्ये असतील, तर दाब कितीही अचूक मोजला तरी तो उतरवणार कशाने?

प्रश्न : पतीला डिफिब्रिलेटर (हृदयाचे ठोके धोकादायक झाले की शॉक देणारे यंत्र) बसवला असून उशाशी ठेवायला एक यंत्र दिले आहे. काही बिघडले तर रुग्णालयातून आपोआप फोन येईल ना?

उत्तर : तसे गृहीत धरू नये. ते यंत्र ठराविक वेळी, बहुधा रात्री, नोंदी पाठवते आणि अनेक ठिकाणी त्या कामकाजाच्या वेळेतच तपासल्या जातात. छातीत दुखणे, बेशुद्ध पडणे, शॉक बसून बरे न वाटणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर फोनची वाट न पाहता तातडीची मदत बोलवावी.

प्रश्न : स्मार्टवॉच आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पुरेसा नाही का?

उत्तर : नाही. घड्याळ नाडीच्या अनियमिततेची सूचना देऊ शकते, पण साचलेले पाणी त्याला कळत नाही. ऑक्सिजन ९७ दिसत असतानाही फुफ्फुसात पाणी साचायला लागलेले असू शकते.

प्रश्न : आई रोज वजन करायला कंटाळते आणि जास्त आकडा आला की घाबरून सांगतच नाही. काय करावे?

उत्तर : माझ्या एका रुग्णाच्या वहीत सलग अकरा दिवस एकच वजन होते, दशांशासकट. विचारल्यावर म्हणाले, “खरे लिहिले की तुम्ही भरती करता.” त्यांचे चुकले असे मला वाटत नाही, आकडा वाढला की शिक्षा मिळते, हे त्यांना आम्हीच शिकवले होते. आईला डॉक्टरांसमोर स्पष्ट सांगितले जाऊ द्या की वाढ लवकर कळली तर बहुतेक वेळा घरीच गोळी वाढवून भागते. वाढलेल्या वजनाला किती गोळ्या घ्यायच्या आणि केव्हा फोन करायचा, हे डॉक्टरांकडूनच लिहून घेऊन कागद काट्याजवळच्या भिंतीवर चिकटवा. प्रकृती काही महिने स्थिर राहिली, तर रोजऐवजी आठवड्यातून किती वेळा मोजले तरी चालेल, हेही त्यांना अवश्य विचारा.