गोधडीच्या काठाला तयार पायपिंग लावावी की घरी पट्टी कापावी? आणि ती उरेब, म्हणजे तिरकी कापलेलीच हवी का?

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण किती कापड लागेल हे त्यावरच ठरतं. काठ सरळ असेल तर उरेब पट्टीची गरज नाही.

कापडाच्या विणलेल्या किनारीला समांतर असलेलं उभं सूत जवळजवळ ताणलं जात नाही, आडवं थोडं सुटतं आणि ४५ अंशांत कापलेलं उरेब कापड सगळ्यात जास्त ताणलं जातं. गोल कोपरे किंवा नागमोडी काठ असेल तर पट्टीला वळावंच लागतं, तिथे उरेबला पर्याय नाही. चौकोनी गोधडीला मात्र आडव्या सुताच्या पट्ट्या छान बसतात. उरेब जास्त टिकते असं म्हणतात, त्यात तथ्य आहे. सरळ पट्टीत घडीची कड एकाच धाग्यावर येते, आणि तो झिजला की कड लांबपर्यंत उसवत जाते. पण पट्टी लांबीत दुमडून दुपदरी लावली असेल तर मला तेवढं पुरेसं वाटतं. नवख्या हातात उरेब पट्टी शिवताना ताणली जाते आणि सगळा काठ लाटांसारखा होतो, तो त्रास मोठा. अपवाद एकच: रेघांचं कापड. ते उरेब कापलं की काठावर तिरक्या रेघा येतात आणि फार देखण्या दिसतात. निव्वळ हौस आहे, पण करा.

तयार पायपिंग मी गोधडीला लावत नाही. ती बहुधा एकपदरी बसते आणि कापड विरळ विणीचं असतं. गोधडीचा काठ सगळ्यात आधी झिजतो, कारण ओढताना हात तिथेच पडतो. गोधडीच्या वरच्या थराला लावलंय तसंच घट्ट विणीचं सुती कापड घ्या. गडद लाल किंवा निळं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर आधी धुवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात फिका भाग डागाळेल.

आता हिशेब. पट्टी सव्वादोन इंच रुंद कापा, आत भरण जाड असेल तर अडीच. ६० × ८० इंचांच्या गोधडीचा घेर २८० इंच होतो. कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १२ इंच वाढवा, म्हणजे २९२. किनार काढून ४२ इंच रुंदी उरणारं कापड असेल तर प्रत्येक जोडात दोन-अडीच इंच जातात, त्यामुळे सात पट्ट्या कमी पडतात. आठ कापा. सव्वादोनच्या आठ पट्ट्या १८ इंचांत बसतात, म्हणून अर्धा मीटर पुरतो, पण कापताना चुकायला जागा फारशी उरत नाही.

पट्ट्या सरळ जोडू नका, त्या जागी गाठीसारखा जाडपणा येतो. दोन टोकं सुलट बाजू समोरासमोर ठेवून काटकोनात मांडा, तिरकी शिलाई मारा, पाव इंच सोडून बाकीचं कापा आणि शिलाई उघडून इस्त्री करा. मग पूर्ण पट्टी लांबीत दुमडून पुन्हा इस्त्री.

दुमडलेल्या पट्टीच्या मोकळ्या कडा गोधडीच्या काठाशी जुळवून सुलट बाजूवर पाव इंचावर शिवा. सुरुवात कोपऱ्यापासून नको, एखाद्या बाजूच्या मधून करा आणि पट्टीचं आठेक इंच टोक मोकळं ठेवा. पट्टी ओढू नका, नुसती ठेवत जा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, दोरा तोडा, पट्टी वरच्या दिशेला तिरकी दुमडा, मग खाली आणून घडी वरच्या काठाशी जुळवा आणि काठापासून पुन्हा शिवत चला. उलटवल्यावर कोपरा आपोआप टोकदार बसतो.

शेवटी दोन्ही टोकं एकमेकांवर येतील तेव्हा, पट्टी जेवढी रुंद कापली होती नेमकं तेवढंच अंतर एकावर एक ठेवून जास्तीचं कापा. घडी उघडून टोकं आधीसारखीच तिरकी जोडली की पट्टी बरोबर मापात बसते. मग ती मागे वळवून हाताने बारीक टाके घाला. मशीननेच संपवायचं असेल तर उलट करा: पहिली शिलाई मागच्या बाजूला, दुसरी पुढून, म्हणजे दिसणारी शिलाई तुमच्या नजरेसमोर पडते.