टिप्परचे ढिले स्टीयरिंग: बॉक्स बदलण्याआधी सांधे तपासा

आपल्या गोव्यातील उसगावच्या टिप्परचे स्टीयरिंग वीतभर फिरवले तरी चाके हलत नाहीत, मेकॅनिकने स्टीयरिंगच्या गिअर बॉक्सवरचा स्क्रू आवळल्यापासून ते वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, तेव्हा नवा बॉक्स घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एवढ्यात घेऊ नये. तो स्क्रू आवळल्याने बॉक्समधले दात गच्च बसतात, बाहेरच्या सांध्यांची झीज मात्र तशीच राहते. प्रथम तो कंपनीच्या मापाप्रमाणे पूर्ववत करून घ्यावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे ही ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या स्टीयरिंगच्या काठावर ते माप सुमारे १२ सेंटीमीटर भरते. वीतभर म्हणजे त्याच्या कितीतरी पुढे, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभीच ठेवावी.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी, हौदा खाली, चाकांना ओट (अडणी) लावून उभी करावी. पॉवर स्टीयरिंग असल्यास इंजिन चालू ठेवून एकाने स्टीयरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने कॉलमच्या (स्टीयरिंगच्या दांड्याच्या) क्रॉस जॉइंटपासून ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा हात), ड्रॅगलिंक (तो हात चाकाकडे जोडणारा दांडा), टायरॉड (पुढची दोन्ही चाके एकमेकांना जोडणारा दांडा) असा प्रत्येक सांधा पाहत जावे. हलणारा भाग दिसला, पण त्याला जोडलेला पुढचा भाग उशिरा हलला, की ढिलाई तिथेच आहे असे समजावे. बॉक्स चासीला धरणारे बोल्टही विसरू नयेत. बोल्टच्या कडेला गंजाची तांबूस भुकटी दिसली, तर तिथे हालचाल होत असल्याची दाट शंका घ्यावी.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा कित्येक टिप्पर पावसाळेच्या पावसाळे उघड्यावर उभे राहिले. बॉल जॉइंटचे (या दांड्यांच्या टोकांच्या गोळ्याच्या सांध्याचे) रबर फाटलेले असेल, तर आत पाणी आणि खनिजाची धूळ शिरून ग्रीसचा खरखरीत चिखल होतो आणि तोच सांधा खातो. असा जॉइंट नुसते ग्रीस भरून सुधारत नाही. तो बदलावाच लागतो.

किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचे चाक वळते ती, तपासण्यासाठी पुढचा एक्सल जॅकवर उचलून, खाली घोडे (आधाराचे स्टँड) लावून, चाक वर-खाली धरून हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहिली तर किंगपिन किंवा बुशचा असतो.

टायरॉडचा एंड (टोकाचा बॉल जॉइंट) बदलताना जुना किती आटे आत होता ते मोजावे आणि क्लॅम्प घट्ट करावा. खाचांचा नट ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर नट आणखी थोडा पुढे न्यावा, मागे कधीही सोडू नये, आणि पिन नवीच घालावी. ड्रॉप आर्म किंवा टायरॉड गरम करून सरळ करणे, वेल्डिंग करणे, हे प्रकार कुणी स्वस्तात करून देत असले तरी मुळीच करू देऊ नयेत.

त्यानंतर टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली आहेत ते माप) तपासून घ्यावे आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून पाहावी. पहिल्या काही भरलेल्या खेपांनंतर नट व क्लॅम्प पुन्हा तपासावेत. चोर्ला किंवा अनमोड घाटाचे भाडे त्यानंतरच घ्यावे. एवढे करूनही ढिलाई राहिली, तर मग बॉक्स उघडावा.