मूळची .३८ वेब्ली, आता .३२ केलेली मिळतेय. घ्यावी का, आणि तपासायची कशी?

घेऊ नका. तुमचं लायसन्स .३२ चं, ही वेब्ली म्हणजे जुनी इंग्रजी रिव्हॉल्व्हर मूळची .३८, आणि मालक म्हणतो "बोअर (नळीच्या भोकाचं माप, इंचात) बदलून घेतलाय, काडतूस बरोबर बसतं". हे "बसतं" ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलो.

मी नागपूरजवळ अंबाझरीच्या आयुध निर्माणीत गेज रूमला, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत होतो. आमच्याकडे काम तोफगोळ्यांचं, रिव्हॉल्व्हरचं नाही. पण भोक केवढं आणि त्यात जाणारी वस्तू केवढी, हेच नोकरीभर मोजलं. माझा साळा काटोलकडचा, संत्र्याचा बगीचा आहे त्याचा. त्याला अशीच एक वेब्ली दिसली, एका जुन्या मालगुजाराच्या वाड्यात. मला सोबत नेलं ते मत विचारायला नाही, मान डोलवायला.

मालकाने .३२ ची काडतुसं एकेक करून सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या भागात टाकली. सगळी बसली. साळा म्हणतो, "पाहा भाऊजी, कशी बसली! मंग आता काय पाह्यता?"

मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी घेऊनच गेलो होतो. आधी काडतुसं काढून बाजूला ठेवायला लावली, मग नळीच्या तोंडाशी मोजलं. आतला व्यास नऊ मिलिमीटरच्या आसपास. .३२ ची गोळी ७.९ च्या जवळपास असते. म्हणजे कोणीतरी फक्त सिलिंडरच्या भोकांत बुश (भोक लहान करायच्या नळकांड्या) ठोकले होते, नळी होती तशीच .३८ ची. नळीत लायनर (आतली बारीक नळी) घातला असता तर तोंडाशी पाइपात पाइप दिसतो, बारीक गोल रेघ दिसते. इथे रेघच नव्हती. अशा नळीतून गोळी खुळखुळत जाते, नळीच्या आतल्या आट्यांची पकड बसत नाही, फिरकी मिळत नाही, आणि समोरच्या कागदावर आडवी लागते.

पुढची गंमत एक्स्ट्रॅक्टरची. वेब्ली वरून उघडते. पूर्ण मोडली की सिलिंडरच्या मागून एक तुकडा वर येतो आणि पुंगळ्यांना (काडतुसाच्या धातूच्या नळ्यांना) कडेने धरून बाहेर काढतो, तोच एक्स्ट्रॅक्टर. .३८ च्या पुंगळीची कड ११.२ मिलिमीटरची, .३२ ची साडेनऊ. एक्स्ट्रॅक्टरच्या खाचा मात्र .३८ च्याच हिशेबाने कापलेल्या. मालकाच्या डबीत रिकाम्या पुंगळ्या होत्या, त्या भरल्या आणि हळूच मोडून पाहिलं. काही वर आल्या, दोन एक्स्ट्रॅक्टरच्या खालीच अडकल्या. एका पुंगळीला उभी चीर होती. ती मी साळ्याच्या तळहातावर ठेवली, बोललो काहीच नाही.

मग भिंगाने छाप वाचला. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे बंदुकांची दाब-चाचणी करणाऱ्या संस्थेचा शिक्का, शेजारी .७६७ आणि दाबाचा आकडा ३½ टन. हे .७६७ म्हणजे .३८ च्या पुंगळीची लांबी, इंचात. .३२ लाँग, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या .३२ काडतुसाची पुंगळी .९२० इंचाची. छापानुसार ती अजून .३८ च होती, बदलानंतरचा एकही शिक्का नाही. ज्याने बुश ठोकले त्याने चाचणी करून घेतली असती तर कुठेतरी नोंद दिसली असती.

परतीच्या रस्त्यात साळा फुगलेला. म्हणे, तुम्हा फॅक्टरीवाल्यांना सगळ्यात खोटच दिसते, आणि तुमची कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ म्हणजे निव्वळ पत्रा. हे तो लग्नाकार्यातही चारचौघांत बोललेला आहे. अरे, कानपूरची रिव्हॉल्व्हर दिसायला ओबडधोबड असेल, घोडा जड असेल, मान्य. पण नळी, सिलिंडर आणि काडतूस एकाच ड्रॉइंगवरून निघालेत, आणि शिक्का आहे. इंग्रजांच्या नावावर भाळून बुश मारलेलं लोखंड कमरेला लावायचं, याला हौस म्हणतात, शहाणपण नाही. ती वेब्ली त्याने शेवटी घेतली नाही, पण "भाऊजींमुळे हातची गेली" हे पालुपद अजून चालूच आहे.

आता कायद्याचं. .३८ हा आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसन्सवर न मिळणारा. .४५५ आणि ९ मिमी पिस्तूलही त्यातच. बोअर बदलणं हे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ खाली येतं, त्याला वेगळा परवाना लागतो. लेथवाला ओळखीचा असून भागत नाही. बदलाचा कागद मालकाकडे नसेल तर उद्या कोणी छाप वाचला की तुमच्या .३२ च्या लायसन्सवर .३८ सापडली असाच अर्थ निघेल. शिवाय खाजगी मालकाने विकायच्या आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं असतं. शहरात असाल तर लायसन्सचं काम पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणला कलेक्टर ऑफिसात. नंबर घासलेला दिसला तर पुढे बोलूच नका. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं, हेही बघून घ्या.

एक राहिलं. वेब्लीने मार्क फोर हे मॉडेल कारखान्यातूनच .३२ मध्येही काढलं होतं. तुमच्यासमोरची तशी असेल तर बोअर बदलण्याबद्दलचं माझं वरचं बोलणं तिला लागू नाही, आणि मालक उगाच "बदललेली" म्हणतोय. छाप बघितल्याशिवाय ते कळणार नाही. पण तशी असली तरी त्यात .३२ पिस्तुलाची, म्हणजे ७.६५ ची काडतुसं घालू नका. तीही "बसतात". त्यांचा दाब मात्र .३२ लाँगपेक्षा बराच जास्त, आणि जुन्या वेब्लीचं कुलूप, म्हणजे मोडायच्या जागेची पकड, झिजलेली असू शकते.

मी गेजवाला आहे, गनस्मिथ नाही. घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी परवानाधारक गनस्मिथकडून सिलिंडरची जुळणी तपासून घ्या. इथे फोटो टाकणार असाल तर नळीचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर आणि छाप एवढंच टाका. मुठीवरच्या नक्षीचा फोटो नको, माझा साळा त्यावरच गेला होता.