जर्मन क्लायंटचा फॉर्म आलाय? आधी मीटरच्या सीटीची नेमप्लेट बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं परत वर आलं. फोंड्याला भाड्याच्या बिल्डिंगमध्ये तुमचं छोटं डेटा सेंटर, सर्व्हरचे १२ रॅक, जर्मन क्लायंटने एक्सेल धाडलंय, त्यात पीयूई (पूर्ण जागेची वीज भागिले आयटीची, म्हणजे सर्व्हर वगैरेंची, वीज), पाणी, रिन्यूएबलचा टक्का, सगळं मागितलंय आणि तुम्ही विचारताय की युरोपचा कायदा आपल्याला गोव्यात कसा काय लागतो. नाहीच लागत. युरोपियन युनियनचा रिपोर्टिंगचा नियम त्यांच्या हद्दीतल्या ५०० किलोवॅट आणि वरच्या सेंटरना आहे. जर्मनीने २०२३ च्या आपल्या कायद्यात ती मर्यादा ३०० वर आणली, वर जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या सेंटरना पीयूई १.२ करायला सांगितलं. आपल्या दमट हवेत १.२ म्हणजे स्वप्नच. पण क्लायंटला स्वतःचे आकडे दाखवायचे असतात, मग तो कॉन्ट्रॅक्टात कलम घालतो आणि तिथे आपण अडकतो. (मी वकील नाही, ऑडिटरही नाही, जे भोगलं ते सांगतोय.)

पीयूई म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असणार, त्यात जास्त जात नाही. आयटीचा मीटर यूपीएसच्या आउटपुटवर बसवायचा, हेही माहीत असेल. मी पण बसवला होता. माझं वाटोळं झालं ते त्याच मीटरने.

झालं असं, की इलेक्ट्रिशियनने लाइनवर १००/५ ची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, लाइनचा १०० अँपिअर करंट ५ करून मीटरला देतो) बसवली आणि मीटरच्या सेटिंगमध्ये २००/५ टाकलं. म्हणजे मीटर दुप्पट दाखवणार. महिन्याला पूर्ण जागेचे साधारण २२,००० युनिट, आयटीचे खरे ११,५००, पण मीटर २३,००० म्हणतोय. मी एक्सेलमध्ये भागाकार केला, ०.९६ आलं, आणि मी ते पाठवलं!! पीयूई १ च्या खाली जाऊच शकत नाही, शाळेतल्या पोराला पण कळेल, आयटी हा टोटलचाच भाग आहे ना, पण त्या दिवशी मी तीन टेंडर आणि एक बंद पडलेला एसी सांभाळत होतो, आकडा लहान दिसला म्हणून खूश झालो. सात महिने असेच रिपोर्ट गेले. क्लायंटकडूनही कोणी काही बोललं नाही, मग एक दिवस त्यांच्या ऑडिटरचा मेल आला, दोनच ओळींचा.

मी म्हटलं, सोपं आहे, आयटीचे सगळे आकडे अर्धे करा, खरा पीयूई १.९ च्या आसपास आहे, घ्या. तो म्हणाला, कुठली सीटी कुठल्या तारखेपासून होती याचा कागद द्या. कागद कुठला! टेस्ट सर्टिफिकेट नाही, बसवल्याचा फोटो नाही, सेटिंग कधी बदललं याची नोंद नाही, इलेक्ट्रिशियन तर तोवर दुबईला गेलेला. सात महिन्यांचे आकडे कचऱ्यात, बारा महिन्यांची मोजणी पहिल्यापासून. तेवढ्यात रिन्यूअल आलं आणि क्लायंटने अर्धे रॅक दुसरीकडे हलवले. १.९ वर त्यांना सुधारणेचा प्लॅन चालला असता, हे त्यांनीच नंतर सांगितलं. ०.९६ नंतर आमचा एकही आकडा ते धरेनात.

रिन्यूएबलच्या रकान्याबद्दल. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, बहुतेक वीज बाहेरून येते, म्हणून त्यात रिन्यूएबल किती याचं एक पत्र हवं म्हणून एका ऑफिसात (नाव नको) गेलो. पहिल्या टेबलावर विचारलं, डेटा सेंटर म्हणजे डेटा एंट्री का? दुसऱ्या टेबलावरचे साहेब रजेवर. तिसऱ्याने अर्ज घेतला, इनवर्ड नंबर दिला, आणि पुढची गणपतीची चवथ आली तरी उत्तर नाही. माझं मत, तो रकाना सरळ शून्य भरा आणि खाली लिहा की ग्रिडची वीज घेतो. मालकाने गच्चीवर सोलर लावलं असेल तर ते त्याच्या बिलात आहे, तुमच्यात मोजू नका, मोह होतो. रिन्यूएबल विजेची सर्टिफिकेट विकणारे फोन करतील, मोजणी नीट होईपर्यंत उचलू नका.

बाकी, रूम १८ डिग्रीवर असेल तर हळूहळू २४-२५ वर न्या, अॅशरेची (एसी-कूलिंगवाल्या इंजिनियरांची अमेरिकन संस्था) शिफारस २७ पर्यंत आहे. रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल (झाकणपट्ट्या) लावा. आणि जुलैत दार उघडं टाकू नका हो, आपला एसी अख्ख्या फोंड्याची हवा सुकवत बसतो. पावसात तारांवर माडाचं चुडत पडलं की जनरेटर चालणारच, त्याचे युनिट आणि डिझेलचे लिटर वेगळे लिहा, कारण टोटलमध्ये ते युनिटही धरावे लागतात, मी पहिल्या वर्षी विसरलो होतो. नवा जनरेटर घेणार असाल तर जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना सीपीसीबीचे (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) धुराबद्दलचे फोर-प्लस नियम आहेत, सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका, आधी पोल्युशन बोर्डाच्या कन्सेंटचं (परवानगीचं) विचारा.

आत्ता एवढंच करा, पॅनल बंद करून जाणत्या माणसाकडून सीटीच्या नेमप्लेटचा फोटो काढून घ्या (चालू पॅनलमध्ये हात घालू नका, आणि सीटीची वायर कधीही उघडी सोडू नका), मीटरच्या सेटिंगचाही काढा, दोन्ही इथे टाका. रेशो जुळतो का बघून सांगतो. रविवारी मात्र नाही जमणार, गणपतीवरची माटोळी (फळा-फुलांची सजावट) बांधायचीय.