टक्का घसरला म्हणजे प्रवेश अवघड झाला?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजात जायचं तिनं मनाशी ठरवलंय. दोन वर्षांपूर्वी तिथे शंभरातल्या 80 जणांना प्रवेश मिळत होता, आता 45 जणांनाच मिळतो. एवढं अवघड झालं का ते कॉलेज? शिवाय आम्ही ख्रिस्ती नाही. अर्ज करावा का?

उत्तर : ताई, त्या टक्क्याला एवढ्यात घाबरू नका. छोट्या कॉलेजात तो फार सहज हलतो. समजा, एका वर्षी 300 अर्ज आले, 240 जणांना होकार गेला, त्यातले 80 जण दाखल झाले. टक्का 80. पुढे कॉलेजनं अर्जाची फी काढली, एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती उठवली, एकाच अर्जावर अनेक कॉलेजांत अर्ज करता येतो त्या ‘कॉमन ॲप’ संकेतस्थळावर नाव घातलं. अर्ज झाले 600, होकार 270 जणांना आणि दाखल झाले पुन्हा 80च. टक्का आला 45 वर, पण वर्ग तेवढाच भरला. 2020 पासून एसएटीची सक्ती अनेक कॉलेजांनी उठवली, त्यामुळे अलीकडच्या आकड्यांची जुन्यांशी तुलना मी फार जपून करते.

उलट, 80 टक्क्यांना होकार म्हणजे कॉलेज सुमार, असंही नव्हे. अशा ठिकाणी अर्ज करणारी बरीच मुलं त्या पंथातली, त्या चर्चमधली असतात. बाकीचे अर्जच करत नाहीत. केंटकीतल्या बेरिया कॉलेजचं कारण आणखी वेगळं. ख्रिस्ती परंपरेतलं हे कॉलेज 1892पासून कुणाकडूनच शिक्षणशुल्क घेत नाही, मुलांना तिथेच काम देतं आणि आर्थिक गरज असलेल्यांनाच घेतं. तिथली चुरस फुकट शिक्षणामुळे आहे.

म्हणून त्या कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे ठरावीक नमुन्यातला आकडेवारीचा तक्ता मिळवा. बरीच कॉलेजं तो दरवर्षी जाहीर करतात. नसेल तर प्रवेश कार्यालयाकडे मागा. त्यात सी-1 या रकान्यात अर्ज, होकार आणि दाखल झालेले, तिन्ही आकडे असतात. निदान चार-पाच वर्षांचे शेजारीशेजारी मांडा. पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली, हे बी विभागात सापडेल. आईच्या जागी मी असते, तर सगळ्यात आधी हाच आकडा बघितला असता.

आता धर्माचं. सी-7 मध्ये प्रवेशाचे निकष असतात, त्यात धार्मिक बांधिलकीचीही ओळ असते. तिथे ‘विचारात घेत नाही’ असेल, तर निवडीत अडचण नाही. ‘अतिशय महत्त्वाचं’ असेल, तर टक्का 80 असला तरी तो तुमच्या मुलीसाठी नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. काही कॉलेजं श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात, पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं शिफारसपत्र मागतात, चॅपलची (कॉलेजातल्या प्रार्थनेची) हजेरी घेतात. जेझुइट या कॅथलिक संघाच्या कॉलेजांत सहसा असं काही मागत नाहीत. धर्मशास्त्राचा एखादा विषय मात्र घ्यावा लागतो. सही करायची असेल तर मजकूर मुलीनं स्वतः वाचावा आणि मनापासून पटला तरच करावी. प्रवेशासाठी खोटी श्रद्धा लिहायला तिला कृपा करून सांगू नका. चार वर्षं तिथे तिला राहायचंय.

आणि कॉलेजला एक ईमेल आजच करा : गेल्या वर्षी परदेशातून किती अर्ज आले, किती घेतले आणि त्यांना सरासरी किती आर्थिक मदत दिली?