फ्रीझर भरला, पण तो तळघरात

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका ताईंना पुढच्या महिन्यात गुडघा बदलून घ्यायचा आहे. त्या लिहितात, "दीड महिन्याच्या पोळ्या आणि उसळी करून तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत, म्हणजे कोणाला त्रास नको. मुलगा दोन दिवस रजा घेतो आहे. आणखी काय करू?"

ताई, तुमच्या उरकाचे कौतुक आहे. पण जे जेवण आणायला जिना उतरावा लागतो, ते त्या दिवसांत तुमच्या काय कामाचे? सुरुवातीचे आठवडे वॉकर धरून चालायचे, म्हणजे दोन्ही हात अडकलेले. चहाचा कपही ओट्यावरून टेबलापर्यंत नेता येत नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही कुकर, तवा, मिसळणाचा डबा, चहा-साखर असे रोज लागणारे सारे खालच्या कपाटांतून काढून कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत मांडले, ओट्याशी हातांची उंच खुर्ची ठेवली आणि वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधली, जिच्यातून घट्ट झाकणाचा थर्मास त्यांच्याबरोबर घरभर फिरे. "हे स्वयंपाकघर आहे की दवाखाना?" म्हणून त्यांनी आधी नाक मुरडले, आणि पुढे बरे झाल्यावरही कुकर खाली ठेवू दिला नाही. तेव्हा आठवड्यापुरते डबे, एकेका जेवणाचे, वरच्या फ्रीजमध्ये आणवून घ्या. मंडळातल्या ज्या मैत्रिणी "काही लागले तर सांग" म्हणतात, त्यांना वार नेमून द्या. तळघरात त्या उतरतील. जमिनीवरचे देवघरही टेबलावर येऊ द्या, देव रागावत नाहीत.

"कोणाला त्रास नको" हे आपल्या पिढीचे पालुपद मला मुळीच मान्य नाही. मुलाची कंपनी पन्नास किंवा अधिक माणसांची असेल आणि तो तिथे वर्षभर पूर्णवेळ काम करत असेल, तर आईच्या शुश्रूषेसाठी त्याला वर्षात 12 आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजेचा कायदेशीर हक्क आहे. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असल्यास 30 दिवस अगोदर कळवावे लागते, म्हणून त्याला आजच अर्ज करू द्या.

बाकीचे थोडक्यात. पायपुसणी आणि सुटे गालिचे उचला. हळदीच्या गोळ्या घेत असाल तर तेही सर्जनना सांगा. रुग्णालयाने दिलेली उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळा. तिथे दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो सहसा अन्नासारखाच निदान सहा तास आधी बंद करावा लागतो.